न पाहिलेला गोल

लहानपणी जून महिना आला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे छपरातून गळणारं पाणी, आणि दुसरी म्हणजे वह्या-पुस्तकांना कव्हरं घालणं. खाकी कागद विकत आणायचा तर पैसे पडायचे, म्हणून वडील रद्दीवाल्याकडून रशियन मासिकं किलोवर आणायचे. 'सोव्हिएत लँड'चा तो जाड, गुळगुळीत कागद माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आत ट्रॅक्टर, धरणं, अंतराळवीर आणि लाल गालांची गुबगुबीत पोरं. एका वर्षी भूगोलाच्या वहीवर माझ्या वाट्याला एक गोलकीपर आला. काळा पोशाख, लांबच लांब हात, हवेत पूर्ण आडवा आणि बॉल बोटांच्या टोकांवर. खाली नाव होतं, लेव्ह याशिन. ती वही वर्षभर मी जपून वापरली. (भूगोलात मार्क जेमतेमच पडले, पण तो याशिनचा दोष नाही.)

तो फोटो जवळचा वाटायचं कारण वेगळंच होतं. मी वाढलो कोल्हापुरात, आणि कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल चुकत नाही. गल्लीत टीम पाडताना ज्याला पळता येत नाही तो गोली, हा नियम. मी गोली. गोलीच्या नोकरीचं एक असतं बघा. फॉरवर्डनं पाच चान्स घालवले आणि सहाव्याला गोल मारला तर त्याला खांद्यावर घेतात. गोलीनं पाच अडवले आणि सहावा खाल्ला की "झोपला होतास काय रे?" शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघायला जायचो तेव्हाही तेच. स्टँडमधून सगळ्यात जास्त शिव्या कुणाला, तर गोलीला. तो बिचारा स्टँडच्या जवळही उभा असतो आणि पळून जायची सोय नसते.

तर हा याशिन. परवा एका कारणानं त्याची पुन्हा आठवण झाली. कारण नंतर सांगतो, आधी माणूस सांगतो.

२२ ऑक्टोबर १९२९ ला मॉस्कोत जन्म. घर कारखान्यातल्या कामगारांचं. आई लहानपणीच गेली. १९४१ मध्ये हिटलरनं हल्ला केला तेव्हा हा अकरा वर्षांचा. वडिलांचा कारखानाच उचलून व्होल्गाकाठी उल्यानोव्स्कच्या बाजूला नेला, त्याबरोबर कुटुंबही गेलं. युद्ध चालू, मोठी माणसं आघाडीवर, त्यामुळं तेरा-चौदाव्या वर्षी पोरगं शाळा सोडून फिटरच्या हाताखाली कामाला लागलं. सिगरेटही तिथंच सुरू झाली. ती पुढं आयुष्यभर सुटली नाही.

अठराव्या वर्षी त्याच्या मनानं संप पुकारला. आज आपण बर्नआउट वगैरे म्हणतो तसलंच काहीतरी. एके दिवशी तो कामावर गेलाच नाही, घरही सोडलं. स्टालिनच्या राज्यात कामावर न जाणं हा गुन्हा होता, नुसता पगार कापून भागत नव्हतं. कुणीतरी शहाण्या माणसानं सांगितलं, स्वतःहून सैन्यात भरती हो, सुटशील. तो झाला. तिथं लष्करी टीममधून खेळताना आर्काडी चेर्निशेव्ह नावाच्या प्रशिक्षकानं त्याला पाहिलं आणि डायनॅमो मॉस्कोत आणलं. (डायनॅमो म्हणजे आपल्याला सायकलचा दिवा पेटवणारा तो आठवतो, पण हा सोव्हिएत गृहखात्याचा, म्हणजे पोलिसांचा क्लब.)

आता इथून खरी गंमत. जगातला सर्वात थोर गोलकीपर म्हणतात त्याची सुरुवात किती वाईट असावी? मोसमाआधीच्या एका सरावाच्या सामन्यात, स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर संघाविरुद्ध, समोरच्या गोलकीपरनं जोरात बॉल टोलवला. वारं जोराचं होतं. बॉल उडत उडत थेट इकडच्या टोकाला आला. याशिन पुढं धावला, त्याच वेळी आपलाच डिफेंडर मागं धावला, दोघांची टक्कर झाली आणि बॉल गोलात. म्हणजे पहिला गोल खाल्ला तो कुणाचा, तर समोरच्या गोलकीपरचा! बाकावर बसलेले सीनियर हसत सुटले.

१९५० मध्ये लीगमध्ये संधी मिळाली, कारण तेव्हाचा मोठा गोलकीपर खोमिच जखमी झाला. समोर स्पार्टाक. डायनॅमो १-० नं पुढं. याशिन पुन्हा आपल्याच एका खेळाडूवर आदळला, बॉल गोलात, १-१. त्यानंतर तिबिलिसीच्या डायनॅमोविरुद्ध टीम ४-१ नं पुढं असताना यानं तीन गोल खाल्ले, ४-४. शेवटी कसाबसा एक गोल झाला आणि ५-४ नं सुटले. झालं, याशिन राखीव संघात. तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत तो काय करत होता? आइस हॉकीत गोलकीपर होता. चेर्निशेव्ह हॉकीचाही प्रशिक्षक, त्यानं याला बर्फावर उभं केलं, आणि १९५३ मध्ये डायनॅमोनं हॉकीचा सोव्हिएत कप जिंकला तेव्हा गोलात हाच होता. मला हा भाग फार आवडतो. हॉकीतली चकती दिसायच्या आत येते. तिथं बघून उडी मारायला वेळच नसतो, आधीच योग्य जागी उभं राहावं लागतं. पुढं याशिनचं जे नाव झालं ते नुसत्या उड्यांवर नाही, तर ह्या उभं राहण्याच्या अकलेवर झालं असं माझं मत.

१९५३ ला तो फुटबॉलमध्ये परत आला आणि मग डायनॅमोच्या गोलातून हलला नाही. १९५४ ला राष्ट्रीय संघ. त्या काळी गोलकीपर म्हणजे गोललाइनवर उभा राहून वाट बघणारा माणूस. हा पुढं यायचा. पेनल्टी एरिया सगळी आपलीच असल्यासारखा फिरायचा, क्रॉस आला की मुठीनं ठोसा मारून लांब उडवायचा, बॉल हातात आला की झटकन फेकून हल्ला सुरू करून द्यायचा. आणि पूर्णवेळ ओरडायचा. डिफेंडरांना नव्वद मिनिटं सूचना. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर हाती पडायची वाट न बघता तो आधीच वरच्या लेयरमध्ये जाऊन हस्तक्षेप करायचा. आजचा प्रत्येक गोलकीपर हेच करतो, त्यामुळं तेव्हा ते किती नवीन होतं हे आपल्याला कळत नाही.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. ह्या स्पर्धेत आपलाही एक धागा आहे. भारत तिथं चौथा आला होता! मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि आपण उपांत्य फेरीत गेलो. तिथं युगोस्लाव्हियानं आपल्याला ४-१ नं हरवलं (पहिला गोल तिथंही नेव्हिलचाच), आणि ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० नं. नेमक्या ह्याच दोन संघांना सोव्हिएत संघानं हरवलं. उपांत्य फेरीत बल्गेरियाला जादा वेळेत २-१, अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला १-०. म्हणजे आपण आणि याशिन एका दरवाज्याच्या अंतरावर होतो म्हणायचं. असो.

पुढं १९५८ चा वर्ल्डकप, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत. १९६० ला पॅरिसमध्ये पहिलीवहिली युरोपियन नेशन्स कप स्पर्धा, म्हणजे आजची युरो. अंतिम सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया, पुन्हा जादा वेळ, आणि २-१ नं विजय. त्या संध्याकाळी युगोस्लाव्हियाचे हल्ले एकामागोमाग एक येत होते आणि हा ते परतवत होता. देशात याशिन हे नाव आता गागारिनच्या रांगेत जाऊन बसणार होतं.

आणि मग आला १९६२ चा चिली वर्ल्डकप.

सोव्हिएत संघाचे सामने अरिका नावाच्या गावात होते. चिलीच्या अगदी उत्तर टोकाला, पेरूच्या सीमेलगत, समुद्र आणि वाळवंटाच्या मधे. पहिली मॅच युगोस्लाव्हियाशी, २-० नं जिंकले. दुसरी कोलंबियाशी. पहिल्या अकरा मिनिटांत ३-०! पुढं ४-१. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ६८ व्या मिनिटाला मार्कोस कोल नावाच्या खेळाडूनं कॉर्नर मारला आणि तो कुणाचाही पाय न लागता थेट गोलात गेला. जवळच्या खांबापाशी चोखेली नावाचा डिफेंडर उभा होता. त्याला वाटलं याशिन घेईल, याशिनला वाटलं तो मारेल. बॉल दोघांच्या मधून आरामात आत. वर्ल्डकपच्या इतिहासात थेट कॉर्नरवरून झालेला हा आजवरचा एकमेव गोल. शेवटी सामना ४-४. उरुग्वेला हरवून गटात पहिले आले खरे, पण मनात धाकधूक शिरली असणार.

१० जून १९६२. उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान चिली. ११ व्या मिनिटाला लिओनेल सांचेझनं डावीकडून, तिरक्या कोनातून फ्री किक मारली, गोल. २६ व्या मिनिटाला चिस्लेंकोनं बरोबरी केली. आणि तीनच मिनिटांत एलादिओ रोहासनं पेनल्टी एरियाच्या बऱ्याच बाहेरून फटका मारला. २-१. सामना तसाच संपला. सोव्हिएत संघ घरी.

आता पुढचं नीट बघा. ह्या सामन्याचं थेट प्रक्षेपण सोव्हिएत टीव्हीवर नव्हतं. उपग्रह प्रक्षेपणाचे दिवस अजून यायचे होते. मॉस्कोतल्या माणसाला अरिकात काय झालं हे कळायला एकच वाट होती, ती म्हणजे चिलीहून आलेली बातमी. आणि बातमीत लिहिलं होतं की दोन्ही गोल याशिनच्या चुकीनं झाले. एवढंच. कोट्यवधी लोकांनी ती ओळ वाचली आणि प्रत्येकानं तो गोल आपापल्या डोक्यात बघितला. डोक्यात बघितलेल्या गोलात गोलकीपर नेहमीच जास्त वाईट दिसतो. फ्रान्समधल्या 'लेकिप'सारख्या पेपरानंही याशिन संपला असं लिहून टाकलं.

तो मॉस्कोत परतला तर स्टेडियममध्ये नाव पुकारताच शिट्ट्या. त्याच्या पायाशी बॉल आला की हुर्यो. पेन्शनीत जा म्हणून ओरडायचे. वय किती, तर बत्तीस. घराच्या काचा फोडल्या. गाडीवर घाण घाण लिहून ठेवायचे. हे कोण लोक, तर ज्यांनी दोन वर्षांपूर्वी पॅरिसच्या विजयानंतर त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच. त्यानं खेळ सोडायचं ठरवत आणलं. काही काळ सगळं बाजूला ठेवून नदीकाठी गळ टाकून बसायला जायचा. मासेमारी हा त्याचा जुना छंद. पाण्यात गळ टाकलेला माणूस काय विचार करत असेल? मी गोली होतो म्हणून अंदाज करू शकतो. तो तोच गोल पुन्हा पुन्हा बघत असेल, एक पाऊल आधी टाकलं असतं तर, म्हणून.

तो परत आला. आणि १९६३ चं वर्ष असं खेळला की विचारू नका. लीगमध्ये २७ सामने, आणि खाल्लेले गोल किती? सहा. सत्तावीस सामन्यांत सहा! डायनॅमो विजेते. ऑक्टोबरमध्ये इंग्लिश फुटबॉल असोसिएशनला शंभर वर्षं झाली म्हणून वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध उरलेलं जग असा सामना झाला. तारीख २३ ऑक्टोबर, याशिनच्या चौतिसाव्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. उरलेल्या जगाच्या गोलात पहिला अर्धा वेळ तो होता. ग्रीव्ह्ज, चार्ल्टन वगैरे मंडळी मारत होती, हा अडवत होता. मध्यंतराला ०-०. उत्तरार्धात दुसरा गोलकीपर आला आणि इंग्लंड २-१ नं जिंकलं. ह्या सामन्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो टीव्हीवरून अनेक देशांत दिसला. नोव्हेंबरात रोमला इटलीविरुद्ध मात्झोलाची पेनल्टी अडवली. वर्षअखेरीस बॅलन डी'ओर, युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. आजवर हा मान मिळालेला तो एकटाच गोलकीपर आहे.

गोष्ट इथं संपवली तर छान सिनेमा होतो. पण मला याशिन आठवला तो विजयासाठी नाही. अरिकाच्या त्या बातमीसाठी आठवला. आता ते कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री आमच्या प्रॉडक्शन सिस्टिमनं गोंधळ घातला. काही ग्राहकांच्या खात्यातून एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा वजा झाले. त्या रात्री ड्युटीवर एक नवा मुलगा होता, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. अलर्ट आला १ वाजून ५० मिनिटांनी, त्यानं तो पाहिला तीनच्या पुढं. शनिवारी सकाळी क्लायंटकडून फोनवर फोन. टीम लीड मी. सगळ्यांना काहीतरी उत्तर पाहिजे होतं, तेही अकराच्या कॉलच्या आत. मी चहाचा कप हातात घेऊन चार ओळींची मेल लिहिली. पहिली ओळ अशी होती की ड्युटीवरच्या इंजिनिअरनं अलर्ट वेळेत पाहिला नाही, त्यामुळं परिणाम वाढला.

ओळ खोटी नव्हती. हीच तर पंचाईत आहे.

आठवडाभर बसून सगळे लॉग चाळले तेव्हा काय काय निघालं म्हणता? मूळ बदल बुधवारी गेला होता. त्याचा रिव्ह्यू केला होता मी, एका मीटिंगआधीच्या दहा मिनिटांत. टेस्टमध्ये तो केस नव्हताच. एकच विनंती दोनदा आली तर दुसरी टाकून द्यायची, ही तपासणी दोन सर्व्हिसपैकी कुणी करायची, तर दोन्ही टीमना वाटत होतं ती समोरची करते. (चोखेली आणि याशिन, अगदी तेच.) आणि त्या रात्रीचा तो बारावा अलर्ट होता. आधीचे अकरा खोटे होते. गेले दोन महिने ते रोज रात्री खोटेच यायचे आणि ते बंद करायचं काम माझ्या यादीत तळाशी पडून होतं. हे सगळं मी इमानदारीत रिपोर्टमध्ये लिहिलं. अठरा पानं. ती अठरा पानं कुणीही वाचली नाहीत. चार ओळींची मेल मात्र सगळ्यांनी वाचली होती, अगदी वरपर्यंत.

त्या मुलाला कुणी काचा फोडल्या नाहीत की शिट्ट्या मारल्या नाहीत. आमच्याकडं सगळं सभ्यपणे होतं. रात्रीच्या ड्युटीचं वेळापत्रक लागलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "ह्याच्याबरोबर अजून एक जण ठेवा." अप्रेझलमध्ये एक वाक्य आलं. सहा महिन्यांत तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला, वर्षात कंपनी सोडून गेला. मी त्याच्या सेंड-ऑफला केक खाल्ला आणि शुभेच्छा दिल्या.

गेल्या महिन्यात पुन्हा असाच एक प्रकार झाला. आताचा टीम लीड दुसरा आहे, हुशार आहे. त्यानं मेलचा मसुदा मला दाखवला. पहिली ओळ वाचली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. शब्दसुद्धा जवळपास तेच. म्हटलं, बाबा रे, ही ओळ आत्ता काढ. "पण खरं आहे ना ते?" तो म्हणाला. मी म्हटलं, खरं आहे, पण एवढंच खरं नाही, आणि लोक एवढंच वाचतील.

त्या रात्री घरी येऊन मी अरिकाच्या सामन्याची कृष्णधवल फिल्म शोधून काढली. आता ती सहज मिळते. जे दृश्य १९६२ मध्ये मॉस्कोतल्या एकाही प्रेक्षकाला थेट बघता आलं नाही ते मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून मोबाइलवर बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. जुना गोली म्हणून माझं मत विचाराल तर, पहिल्या गोलला याशिनला अजून काही करता आलं असतं असं मला वाटतं. दुसरा फटका जबरदस्त होता, पण एवढ्या लांबून कुणी मोकळेपणानं मारू शकतो तेव्हा त्याआधी गोलकीपरच्या पुढं बरंच काही चुकलेलं असतं.

पण खरी गोष्ट फिल्मसुद्धा न बघता कळण्यासारखी आहे, साधी वजाबाकी आहे. दुसरा गोल झाला २९ व्या मिनिटाला. सामना नव्वद मिनिटांचा. म्हणजे एक तास आणि वर एक मिनिट शिल्लक होतं. त्या एका तासात सोव्हिएत फॉरवर्ड मंडळींना एकही गोल मारता आला नाही. त्यांच्या घराच्या काचा फुटल्याचं मी तरी कुठं वाचलेलं नाही. न झालेला गोल बातमीत येत नाही, कारण तो नेमका कुठल्या मिनिटाला झाला नाही हे सांगता येत नाही. खाल्लेल्या गोलला मात्र मिनिट असतं. लॉगमध्ये वेळेसकट नोंद असते. म्हणून बोट तिकडंच जातं. न केलेल्या टेस्टला वेळ नसते, दहा मिनिटांत उरकलेल्या रिव्ह्यूचा अलार्म वाजत नाही. १ वाजून ५० मिनिटांचा अलर्ट मात्र स्वच्छ दिसतो.

याशिन पुढं आणखी आठ वर्षं खेळला. १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये संघ चौथा आला, सोव्हिएत संघाची वर्ल्डकपमधली ती सर्वोत्तम कामगिरी. सगळी कारकीर्द एकाच क्लबात, लीगचे ३२६ सामने, पाच विजेतेपदं. २७ मे १९७१ ला मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये लाखभर लोकांसमोर निरोपाचा सामना झाला, जगभरचे खेळाडू आले. उत्तरार्धात सामना थांबवून त्यानं आपले हातमोजे पिल्गुई नावाच्या तरुण गोलकीपरच्या हाती दिले आणि बाहेर आला. शेवटचे दिवस चांगले गेले नाहीत. ऐंशीच्या दशकात एक पाय कापावा लागला. २० मार्च १९९० ला, साठाव्या वर्षी, पोटाच्या कॅन्सरनं तो गेला. आता सर्वोत्तम गोलकीपरला २०१९ पासून 'याशिन ट्रॉफी' मिळते. २०१८ चा वर्ल्डकप रशियात झाला तेव्हा अधिकृत पोस्टरवर हवेत झेपावलेला तोच होता. माझ्या भूगोलाच्या वहीवरचा.

याशिनकडं वेम्बली होतं. जगाला पुन्हा दाखवायची संधी, तीही टीव्हीवर. आणि मुळात तो याशिन होता. आमच्या त्या मुलाला वेम्बली कुठून मिळणार? त्याच्या नावावर अरिकाच राहिलं, आणि ती बातमी लिहिणारा वार्ताहर मी होतो.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मी एक मेल लिहिली. ज्या ज्या लोकांना ती चार ओळींची मेल गेली होती, त्यांपैकी जेवढे सापडले त्या सगळ्यांना. निम्म्याहून जास्त पत्ते बंद झालेले, मेल परत आल्या. ह्या वेळी पहिली ओळ रिव्ह्यूबद्दल लिहिली, कुणाचा होता तेही लिहिलं. त्या मुलाला वेगळी पाठवली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आलं. दोनच ओळी होत्या.

"सर, त्या रात्री मला खरंच डुलकी लागली होती, ते तुम्ही चुकीचं लिहिलं नव्हतं. पण बाकीचं आता लिहिलंत ते बरं झालं, घरी वाचून दाखवलं."

"घरी" हा शब्द मी बराच वेळ वाचत बसलो होतो.